‘डीएलएल सापडत नाही’ म्हणणारा लॅपटॉप आणि ०८० चा मदत-नंबर

हिरवीपात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात बाबांचे ७,५०० रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही म्हणून घरात सगळे ‘जाऊ दे’ म्हणतात. माझं मन मात्र तिथेच अडकलंय. बाबा भोळे नाहीत. कऱ्हाडजवळ आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, तीस वर्षं उधारीचा हिशेब स्वतः ठेवतात, नकली नोट हाताला लागली की डोळे मिटून सांगतात. मग फसले कुठे? विचार करता करता लक्षात आलं की ते एकाच प्रकारच्या गोष्टीत दोनदा फसले. एकदा फाइलच्या नावावर, एकदा फोनच्या नंबरावर.

झालं असं. जुना कॉम्प्युटर बसला म्हणून नवा लॅपटॉप घेतला. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं आणि चालू करताच खिडकी उघडली: एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. दिवस खरिपाचे, दुकानात गर्दी. बाबांनी फाइलचं नाव जसंच्या तसं शोधलं. पहिल्याच पानावर ‘ही डीएलएल मोफत उतरवा’ अशी साइट होती. फाइल उतरवली, तिथे सांगितल्याप्रमाणे सिस्टिम३२ मध्ये टाकली. एरर तोच. मग प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये टाकली, तर दुसराच एरर, शेवटी ७बी असलेला लांबलचक कोड. त्याच साइटवर खाली मदतीचा नंबर होता, ०८० ने सुरू होणारा. बाबा म्हणाले, “बंगळुरूचा लँडलाइन दिसला, म्हटलं कंपनीचंच हापिस असणार.” समोरचा अगदी अदबीने बोलला. लॅपटॉपचा ताबा देणारं एक ॲप टाकायला लावलं, काळ्या पडद्यावर भराभर अक्षरं पळवली, ‘तुमच्या विंडोजची मुदत संपलीय’ म्हणाला आणि पैसे भरून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरावर फोन लावला तर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे फाइलचं मला सांगता येईल.

माझं आजोळ राजापूरकडचं. तिथे वाडीची सामाईक भांडी असतात. मोठे टोप, काहिली, पराती देवळालगतच्या खोलीत ठेवलेल्या. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यायच्या, घासून परत आणायच्या. शंभर माणसांच्या भाताचा टोप प्रत्येक घराने विकत घेण्यात अर्थ नसतो. भांडं सगळ्यांचं, त्यात शिजलेलं अन्न ज्याचं त्याचं. डीएलएल तशीच. मजकूर जोडणं, यादी क्रमाने लावणं, फाइल वाचणं ही कामं हजारो प्रोग्रॅमना लागतात, ती एका सामाईक फाइलमध्ये लिहून ठेवलेली असतात. प्रोग्रॅमच्या पोटात फक्त चिठ्ठी असते, ‘अमुक फाइलमधलं तमुक नावाचं काम लागेल’. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोजचा लोडर ती चिठ्ठी वाचतो, फाइल शोधून मेमरीत चढवतो आणि त्या कामाचा पत्ता प्रोग्रॅमच्या तक्त्यात भरतो. दहा प्रोग्रॅमनी तीच फाइल मागितली तरी तिच्यातला कोड मेमरीत एकदाच असतो. ज्याची त्याची माहिती मात्र वेगळी राहते.

एमएसव्हीसीपी१४० ही मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस या प्रोग्रॅम बांधायच्या साधनाच्या संचातली. २०१५ ते २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांचा मिळून एकच ‘रीडिस्ट्रिब्युटेबल’ संच आहे, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात ती फाइल आपल्या भावंडांसकट येते. एकटी फाइल कुठून तरी आणून टाकणं म्हणजे झाकण एका घरचं, टोप दुसऱ्या घरचा.

बाबांचं बिलिंग ३२ बिटी, उतरवलेली फाइल ६४ बिटी. या प्रोग्रॅमच्या दोन वेगळ्या घडणी, एकीची फाइल दुसरीत बसत नाही. ६४ बिटी विंडोजवर सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिटी फाइली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटी. नावं उलटी वाटतात, पण जुने प्रोग्रॅम सिस्टिम३२ हेच नाव धरून लिहिलेले होते, ते मोडू नयेत म्हणून नाव बदललं नाही. ३२ बिटी प्रोग्रॅमने सिस्टिम३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ कडे वळवते. म्हणून पहिल्या वेळी फाइल डोळ्यांसमोर असूनही प्रोग्रॅमला सापडली नाही. दुसऱ्या वेळी सापडली, कारण लोडर प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आधी बघतो. पण भांडं चुलीवर बसेना. मी ती फाइल काढली, ३२ बिटी संच टाकला आणि पाच मिनिटांत बिल छापून निघालं. एवढ्यासाठी ७,५०० गेले.

आता नंबर. नव्वदच्या दशकात आमच्याकडे फोन नव्हता. दुकानाच्या पावतीपुस्तकावर शेजारच्या डॉक्टरांचा नंबर छापलेला असे, पुढे ‘पीपी’. फोन त्यांच्याकडे वाजायचा, त्यांचा मुलगा गॅलरीतून हाक मारायचा आणि बाबा धावत जायचे. नंबर वाचणाऱ्याला आमचं दुकान कुठे हे त्यातून कळत नसे. बाबांना मिळालेला ०८० चा नंबर बहुधा आभासी असावा, म्हणजे स्वतःची तार नसलेला, आलेला कॉल दुसरीकडे वळवणारा. मला वाटतं आभासी नंबर हा तोच पीपी, हाक मारणाऱ्या मुलाच्या जागी कुणाचा तरी सर्व्हर.

म्हणजे फाइलचं नाव काय आणि फोनचा नंबर काय, दोन्ही चिठ्ठ्याच. चिठ्ठीवरून वस्तू कुठली आणायची तो तक्ता तिसऱ्याच्या हातात. बाबांनी चिठ्ठी नीट वाचली होती, एक अक्षर चुकलं नव्हतं. तक्ता कुणाकडे आहे हे विचारायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. टेलिफोनच्या बाजूचं मला फारसं कळत नाही, जाणकारांनी लिहावं.

अबोली७७

वाचून वाईट वाटलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत-क्रमांकावर कळवलंत का? आमच्या शाळेतल्या एका शिपायांनी तासाभरात कळवलं होतं, त्यांची रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली.

आणि एक बाळबोध शंका. सामाईक भांड्यांची एवढी कटकट असेल तर प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं भांडं घरूनच का आणू नये? हल्ली जागेला कुठे तोटा आहे?

हिरवीपात

१९३० वर कळवलं, पण दुसऱ्या दिवशी. बाबांनी आधी आम्हाला सांगितलंच नाही, त्यांना लाज वाटत होती. तक्रार क्रमांक मिळालाय, पैसे अजून नाहीत. कुणाच्या घरी असं झालं तर आधी १९३० फिरवा, रागवायचं नंतर बघा.

लोखंडीपेटी

अबोलीताई, शंका बाळबोध नाही, आमच्या धंद्यातला जुना वाद आहे. घरून भांडं आणण्याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. प्रोग्रॅम बांधतानाच लागणारा सगळा कोड त्याच्या पोटात भरायचा. गो भाषेतले प्रोग्रॅम बहुतेक असेच असतात, कुठेही नेऊन ठेवा, चालतात.

अडचण जागेपेक्षा दुरुस्तीची. मी सर्व्हर सांभाळतो, २०१४ चा एप्रिल अजून आठवतो. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत, म्हणजे अशाच सामाईक कोडच्या संचात, हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं. बाहेरचा माणूस एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा वाचू शकत होता, त्यात पासवर्ड असोत की किल्ल्या. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या बाधित, १.०.१जी मध्ये दुरुस्ती. सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीत ही लायब्ररी सामाईक असल्यामुळे एक पॅकेज बदललं की वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, व्हीपीएन सगळ्यांना दुरुस्त माल. पण मेख अशी की चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसतो. फाइल बदलून झोपायला गेलेले लोक मी पाहिलेत. सेवा रीस्टार्ट होईपर्यंत भोक जसंच्या तसं होतं. आणि ज्या दोन प्रोग्रॅमनी ओपनएसएसएल पोटात भरून आणलं होतं, ते हुडकून पुन्हा बांधून घ्यायला आम्हाला चार दिवस लागले.

सामाईक ठेवण्याची दुसरी बाजूही सांगतो. नव्वदच्या दशकात विंडोजवर प्रत्येक इन्स्टॉलर सिस्टिम फोल्डरमधल्या सामाईक फाइलवर आपली आवृत्ती लिहून मोकळा व्हायचा. मुलाने गेम टाकला की वडिलांचा हिशेबाचा प्रोग्रॅम बंद. ‘डीएलएल हेल’ हे नाव तेव्हाचं. विंडोज २००० मध्ये सिस्टिमच्या फाइलींवर पहारा बसला, एक्सपीमध्ये एकाच डीएलएलच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय आली. लिनक्सने आवृत्ती नावातच गुंफली, लिबएसएसएल.एसओ.३ अशी. शेवटचा आकडा बदलला म्हणजे जुना करार मोडला, जुन्या प्रोग्रॅमने तिकडे फिरकू नये.

ताईंच्या वडिलांसारखं कुणी अडकलं असेल तर आणखी एक. ‘रेगएसव्हीआर३२ चालवा’ असा सल्ला ठिकठिकाणी दिसतो. ती आज्ञा विशिष्ट जातीच्या डीएलएलची नोंदणी करण्यासाठी आहे, एमएसव्हीसीपी१४० त्यातली नाही. चालवलीत तर नवा एरर मिळेल आणि वाटेल की आणखी बिघडलं.

टंकनिका

मी अक्षरजुळणीचं काम करते, प्रोग्रॅमिंग येत नाही, पण एका डीएलएलशी माझी जुनी ओळख आहे.

२००३-०४ च्या सुमारास युनिकोडमध्ये मराठी वाचणाऱ्यांना आठवेल. एक्सपीवर पान उघडलं की ‘किती’ मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे पडलेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं ओळीने उभी. फॉन्ट बदलून काही होत नसे. देवनागरी जुळवण्याचं काम यूएसपी१०.डीएलएल या एका सामाईक फाइलकडे होतं आणि एक्सपीत ती सोय आपण चालू करावी लागे. रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा, विंडोजची सीडी घाला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. मग नोटपॅड, ब्राउझर, सगळीकडे एकदम वेलांटी जागेवर. किती जणांकडे जाऊन मी ही खूण करून दिली त्याची गणती नाही.

ऑफिस मात्र आपली वेगळी, नवी यूएसपी१० घेऊन यायचं आणि ती स्वतःच्याच फोल्डरात ठेवायचं. त्यामुळे तोच मजकूर वर्डमध्ये नीट आणि नोटपॅडमध्ये बिघडलेला. लोडर आधी कुठे बघतो हे वर वाचलं आणि वीस वर्षांपूर्वीचं कोडं आज सुटलं. मनापासून आभार.

लोखंडीपेटी

टंकनिकाताई, फार चांगलं उदाहरण दिलंत. आज हेच काम अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक, म्हणजे रफार घ्यायचा की आडवा अर्धा र, हे तिथे ठरतं. आपल्या मराठीपुरता वाटणारा नियम एका सामाईक ठिकाणी नीट बसवला की जगभरच्या प्रोग्रॅममध्ये नीट दिसतो. सामाईक लायब्ररीचं मोल मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं.

निवृत्त_एक्सचेंज

धागाकर्तीने टेलिफोनवाल्यांना हाक मारली म्हणून लिहितो. दूरसंचार खात्यात ३४ वर्षं काढली.

मी लागलो तेव्हा स्ट्रोजर एक्सचेंज होतं. तिथे नंबर म्हणजे खरोखर जागा होती. तुम्ही एकेक आकडा फिरवला की इकडे एकेक सिलेक्टर खटखट वर चढे, आडवा फिरे, आणि शेवटचे दोन आकडे त्याला नेमक्या तुमच्या तारेवर आणून उभा करत. लग्नसराईत संध्याकाळी सात वाजता त्या हॉलमध्ये बोललेलं ऐकू येत नसे. गिऱ्हाइकाने घर बदललं, एक्सचेंज बदललं की नंबर बदलायचा, दुसरा इलाज नव्हता. डिजिटल एक्सचेंज आलं आणि नंबर व तार यांची फारकत झाली. नंबर ही कॉम्प्युटरच्या तक्त्यातली एक ओळ झाली. माझ्या मते आभासी नंबराचा जन्म तिथेच आहे, पुढचं सगळं त्याचं वाढत जाणं.

कंपन्या पीआरआय लाइन घ्यायच्या, आजही घेतात. एका तारेवर एका वेळी ३० संभाषणं चालतात. पण त्या तारेसोबत नंबर १०० घेता येतात. शंभर टेबलांना शंभर नंबर, रस्ते तीस. कॉल आला की एक्सचेंज ‘कुठला नंबर फिरवला’ एवढं कंपनीच्या यंत्राला कळवतं, पुढे कुठलं टेबल वाजवायचं ते यंत्र ठरवतं. आता तारेऐवजी इंटरनेट आणि यंत्राऐवजी कुणाचा तरी सर्व्हर. ०८० चा नंबर बंगळुरूत नोंदलेला असेल, वाजणारा मोबाइल देशात कुठेही असू शकतो.

१८०० चंही तसंच. १८०० च्या मागे स्वतःची अशी लाइन नसते. तुम्ही तो फिरवलात की एक्सचेंज कॉल क्षणभर थांबवून मध्यवर्ती डेटाबेसला विचारतं, ‘हा कुणाचा?’ उत्तरात खरा नंबर येतो, तोही वेळेनुसार वेगळा. दिवसा मुंबई, रात्री दुसरं शहर. पैसे ज्याने १८०० चा नंबर घेतलाय त्याच्या बिलात लागतात. १८६० मात्र फुकट नाही, तिथे फोन करणाऱ्याचे पैसे जातात. अनेकांना हे माहीत नसतं.

आपले साधे मोबाइल नंबरही २०११ पासून या अर्थाने आभासीच आहेत. पूर्वी ९४२२ म्हटलं की बीएसएनएल, महाराष्ट्र-गोवा सर्कल, हे डोळे झाकून सांगता येई. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच. आता प्रत्येक कॉलआधी तुमची कंपनी तक्त्यात बघते की हा नंबर सध्या कुणाकडे मुक्कामाला आहे, मग त्या कंपनीचा रूटिंग कोड लावून कॉल पुढे जातो. हे इतक्या झटक्यात होतं की तुम्हाला जाणवत नाही.

हिरवीपात

काका, स्ट्रोजरचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. लोडर पत्ता शोधून तक्त्यात भरतो, तुमचं एक्सचेंज कॉलआधी तक्त्यात बघतं. मला दोन वेगळे विषय वाटत होते, ते एकच निघाले.

भीमथडी

मी पुण्यात पार्सल पोचवतो. ग्राहकाचा खरा नंबर आम्हाला दिसत नाही, ॲपमधून कॉल केला की भलताच नंबर लागतो आणि बोलायला मात्र बरोबर ग्राहकच येतो. तोच नंबर दुपारी दुसऱ्या पार्सलला लागला तर दुसराच ग्राहक येतो. आणि संध्याकाळी सकाळच्या मॅडमना ‘पाकीट गेटवर ठेवलंय’ सांगायला तोच नंबर लावला तर लागतच नाही. हे कसं चालतं?

निवृत्त_एक्सचेंज

भाऊ, कंपनीकडे आभासी नंबरांचा एक साठा असतो. तक्त्यातली ओळ एकट्या नंबराची नसून जोडीची असते. ‘तुमचा मोबाइल आणि हा आभासी नंबर’ अशी जोडी आली तर कॉल कुणाला द्यायचा, असं लिहिलेलं. त्यामुळे तोच नंबर त्याच वेळी तुमच्या मित्राला त्याच्या ग्राहकाकडे नेऊ शकतो. थोड्या नंबरांत हजारो जोड्या बसतात. पार्सल पोचल्याची नोंद झाली की काही वेळाने ओळ पुसली जाते, म्हणून संध्याकाळी लागत नाही. सर्व्हर दोन वेगळे कॉल करून ते मध्ये जोडतो. मॅडमना तुमचा नंबर दिसत नाही, तुम्हाला त्यांचा नाही.

रोखठोक_सोलापूर

इतकं सगळं वाचून माझं मत पक्कं झालं. हे आभासी नंबर सरळ बंद करावेत. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या नावाच्या नंबरावरून बोलावं. लपून बोलणाऱ्यांची सोय कशाला?

अबोली७७

तुमचा संताप समजतो, पण मी सहमत नाही. मी नववी-दहावीचे वर्ग घेते. वर्गातल्या ५२ पालकांकडे माझा मोबाइल नंबर आहे. रात्री साडेअकराला फोन येतात, एकदा तर अशा एका गृहस्थांचे येऊ लागले की शेवटी नंबर बदलावा लागला. शाळेने एक नंबर दिला असता, संध्याकाळी सहानंतर बंद होणारा, तर? माझी मैत्रीण घरातल्या छळाला कंटाळलेल्या बायकांसाठी फोनवर समुपदेशन करते. तिने स्वतःच्या नंबरावरून बोलावं असं तुम्ही म्हणाल का? भीमथडींच्या ग्राहक बायकांचे नंबर रोज दहा अनोळखी लोकांकडे जावेत का?

रोखठोक_सोलापूर

ताई, या बाजूने मी विचार केला नव्हता. शब्द मागे घेतो. पण मग खरा-खोटा ओळखायचा कसा?

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. स्क्रीनवर जो नंबर उमटतो तो ओळखपत्र नाही, हे इकडच्या लोकांना फार किंमत मोजून कळलं. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये ‘कोणाकडून’ हा एक रकाना असतो आणि पाठवणारा सर्व्हर त्यात काहीही लिहू शकतो. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आपण लिहितो, टपालखातं तो तपासत नाही, तसं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा इथल्या मराठी घरांतही मान खाली गेली होती. तिथून इंटरनेट कॉलवर अमेरिकेचे कर अधिकारी असल्याचं भासवून इथल्या म्हाताऱ्या माणसांना धमकावत होते. माझ्या शेजारच्या आजींना तसा फोन आला होता, थरथरत माझ्याकडे आल्या होत्या.

आता अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही करावी लागते. सुरुवातीची कंपनी ‘हा नंबर या गिऱ्हाइकाचाच’ अशी ग्वाही देते, शेवटची कंपनी ती तपासते. सगळं थांबलेलं नाही, पण कॉल कुणी आत सोडला हे शोधता येतं.

निवृत्त_एक्सचेंज

भारतात परदेशातून येणारे पण +९१ दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. तर्क साधा आहे. भारतीय मोबाइल नंबर परदेशातून कॉल करतोय तर तो रोमिंगवर असलाच पाहिजे. नसेल तर खोटा. पहिल्या २४ तासांत १.३५ कोटी कॉल असे सापडले.

सोलापूरकरांच्या प्रश्नाला माझं उत्तर: मालिका ओळखायला शिका. १४० म्हणजे जाहिरातीचा कॉल. बँका, विमा, सरकारी खाती यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवलेत. तेव्हा दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. संशयित कॉल दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरच्या ‘चक्षु’वर कळवता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही संचार साथीवर दिसतं. ते एकदा जरूर बघा, माझ्या मेव्हण्यांच्या नावावर दोन अनोळखी निघाले.

फोनमधलं कॉल फॉरवर्डिंगही उघडून बघत जा. ‘सिम बंद होणार, हे चिन्ह आणि आकडे दाबा’ असं सांगून लोकांचे कॉल स्वतःकडे वळवण्याचे प्रकार इतके वाढले की १५ एप्रिल २०२४ पासून मोबाइलवर आकडे दाबून फॉरवर्ड करण्याची सोय थांबवण्याचा आदेश काढावा लागला. तक्त्यातली तुमची ओळ तुमच्याच हाताने बदलून घेण्याचा तो डाव होता.

टंकनिका

यात एक भर. आईचा नंबर तिच्यानंतर आम्ही रिचार्ज केला नाही. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला मिळू शकतो हे ठाऊक नव्हतं. एक दिवस आईच्या नंबरावर कुणी तरुण मुलगा बोलला, मला बोलवेना. बँकेत आणि गॅसच्या पुस्तकावर तोच नंबर होता, ते निस्तरायला दोन महिने गेले. नंबर सोडण्याआधी तो कुठे कुठे दिलाय त्याची यादी करा.

रोखठोक_सोलापूर

म्हणजे फाइल मूळ कंपनीच्या साइटवरून आणि नंबरही तिथूनच घेतला, की निर्धास्त?

लोखंडीपेटी

पुष्कळसे. पूर्ण निर्धास्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण २९ मार्च २०२४.

एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर आहे, त्याची लायब्ररी लिबलझमा. एका माणसाने दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून त्या प्रकल्पात विश्वास मिळवला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. निशाणा होता एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं साधन. गंमत नव्हे, भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे एसएसएच स्वतः लिबलझमा मागतच नाही. काही लिनक्स वितरणांनी, म्हणजे लिनक्सचा तयार संच पुरवणाऱ्यांनी, त्याला सिस्टिमडी या सेवा चालू-बंद करणाऱ्या सॉफ्टवेअरची लायब्ररी जोडली होती आणि ती लायब्ररी लिबलझमा मागत होती. भांड्यासोबत भांडं, त्यासोबत तिसरं. मालाची वाट अधिकृत, वितरणाची सही खरी, आणि आत विष.

पकडलं अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रॅमरने. त्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. ते चोरदार तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं, रोजच्या वापरातल्या बहुतेक सर्व्हरांपर्यंत नाही. त्या शनिवार-रविवारी मी आमच्या एकूण एक यंत्रावरची आवृत्ती तपासली. ज्या लायब्ररीवर एवढं जग उभं, तिचा मूळ सांभाळकर्ता वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा, विनामोबदला काम करत होता. वाडीची भांडी सगळे वापरतात, कल्हई कोण लावतं हे कुणी विचारत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

हिरवीपात

काल सुट्टीला कऱ्हाडला आले होते. बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. लोखंडीपेटी, तुमच्या अर्ध्या सेकंदाच्या गोष्टीशी ते थांबले आणि म्हणाले, “नोटेचं पण असंच असतं, बोटाला जरा वेगळं लागतं.” टेलिफोनच्या काकांना त्यांनी नमस्कार सांगितलाय. स्ट्रोजरचा आवाज त्यांनी साताऱ्याला ऐकला होता म्हणे, ट्रंक कॉलच्या रांगेत उभे असताना.

बिलिंग सॉफ्टवेअरची मूळ पावती कपाटातून शोधून काढली. तिच्यावर विक्रेत्याचा नंबर होता, इतके दिवस तिथेच. लावला, लागला, त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं. तो नंबर बाबांनी गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय, खाली १९३० मोठ्या अक्षरात.

काका, बाबांची एक विचारणा आहे. दुकानाच्या शटरवर रंगवलेला लँडलाइन नंबर वीस वर्षं जुना आहे, शेतकऱ्यांना पाठ आहे. दुपारी ते घरी जेवायला येतात तेव्हा तो मोबाइलवर वाजवता येईल का? आणि तसं केलं तर ती ओळ दुसरं कुणी बदलू शकेल का, हेही त्यांनी विचारायला सांगितलंय.

निवृत्त_एक्सचेंज

येतो की. आधी एक्सचेंजकडून त्या लाइनवर कॉल ट्रान्स्फरची सोय चालू करून घ्या, अर्ज दुकानाच्या नावानेच द्या. मग दुकानाच्या फोनवरूनच चालू-बंद करता येईल. ओळ बदलायची तर बदलणाऱ्याला त्याच फोनपाशी यावं लागेल, नाहीतर तुमच्या सहीचा अर्ज लागेल. वडिलांना सांगा, दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला विचारलात. शटरवरचा नंबर खोडू नका.